जिवंत माणसाचं दहावं

महाडच्या एसटी स्टँडवर पत्रकं वाटायला उभी राहिले की पहिला प्रश्न कोणता येणार हे मला आता पाठ झालंय. माणूस पत्रक घेतो, 'फाशीची शिक्षा रद्द करा' एवढी वरची ओळ वाचतो, मान वर करतो आणि म्हणतो, "तुमच्या घरातलं कुणी मारलं असतं, तरी हेच म्हणाला असतात का, बाई?" जणू हा प्रश्न जगात पहिल्यांदा त्याच्याच डोक्यात आलाय. विचारून झालं की तो आजूबाजूला बघतो, चार जण माना डोलावतात, आणि माझं पत्रक भज्यांचं तेल टिपायला जातं.

मी रागीट आहे. आधीच सांगून टाकते, कारण पुढे ते कळणारच आहे. माझा नवरा म्हणायचा, तुझ्या नाकावर राग नाही, तुझ्या रागावर नाक आहे. कोर्टाजवळच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. वकिलांचे काळे कोट मी शिवते आणि उसवलेले नीट करते. वकिलाचा कोट उसवतो तो काखेत, कारण हात वर करण्याची सवय फार.

या कामात मी पडले ती एका बाहुल्यामुळे. लांबच्या कुठल्या शहरात एक भयंकर गुन्हा झाला होता आणि टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं. आमच्या इथल्या मंडळाची पोरं जुनी पँट आणि शर्ट घेऊन दुकानात आली. चौकात फासावर लटकवायला पुतळा हवा होता. आत पेंढा भरून शिवून द्या म्हणाली. त्यातला एक म्हणाला, "काकी, मान जरा जाड शिवा. मागच्या वेळी लटकवल्यावर डोकंच तुटून पडलं, सगळी मजा गेली." मजा. एका मुलीचे हाल हाल होऊन ती मेली होती आणि याला मजा गेल्याचं वाईट वाटत होतं. मी हातातली गजपट्टी घेऊन त्यांना पायरीखाली उतरवलं. पुतळा दुसरीकडून शिवून आला आणि चौकात लटकलाच. त्याच्याखाली मेणबत्त्या लावून लोकांनी फोटो काढले, मग चहा झाला. त्या महिन्यात माझी निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्या शिंप्याकडे गेली.

गेली नाही ती एक वकीलबाई. ती आणि आणखी दोघंतिघं मिळून फाशीच्या विरोधात काम करत होते. ती म्हणाली, "तुम्ही नुसत्या चिडता, त्यापेक्षा आमच्याबरोबर येऊन चिडा." तेव्हापासून दर रविवारी आमची बैठक माझ्याच दुकानात भरते. लोकांना वाटतं आम्ही खुन्यांची आरती ओवाळतो. अहो, खुनी खुनीच. मला राग येतो तो, पुढचा खून सरकारने माझ्या नावाने करायचा आणि मी त्यावर पेढे खायचे, याचा.

पोलादपूरच्या वरच्या डोंगरात एक वाडी आहे. नाचणी, वरी, शेळ्या, आणि तरणे पुरुष सगळे मुंबईत. तिथे त्यांची गावकीची खोली आहे, सगळ्या वाडीने मिळून भाड्याने घेतलेली. वाडीतला कुणीही नोकरीला गेला की आधी त्या खोलीत पथारी टाकतो. त्या खोलीतल्या एकाने खून केले. ज्या म्हाताऱ्या मालकाच्या दुकानात तो कामाला होता, त्याला आणि त्याच्या बायकोला, चोरी करताना जागे झाले म्हणून मारलं. त्या दोघांनी त्याचं काही वाईट केलेलं नव्हतं. त्याने केलं, आणि मी कधी त्याला निर्दोष म्हटलेलं नाही. खालच्या कोर्टाने फाशीची शिक्षा दिली. पण हायकोर्टाने कायम केल्याशिवाय ती फाशी देता येत नाही, आणि हायकोर्टाला आधी अहवाल हवा होता. हा माणूस कसा वाढला, त्याचं कुणी आहे का, उद्या सुटला तर त्याला घ्यायला कुणी उभं राहील का, हे बघायला सरकारी अधिकारी वाडीवर जाणार होता. त्याच्या मुंबईच्या वकिलांनी आमच्या वकीलबाईला सांगितलं, वाडीतल्या चार लोकांनी त्याच्याबद्दल खरं तेच सांगितलं तरी पुरे. वकीलबाईने मला पाठवलं. माझं माहेर वरंधच्या बाजूचं, डोंगरातल्या माणसांशी बोलायचं कसं हे मला कळतं, असा तिचा समज.

पोलादपूरहून मिनीडोर रिक्षा, पुढे चढण. मी दोनतीनदा गेले. त्याची आई वाडीच्या टोकाला एकटी राहायची. नवरा कधीच गेलेला, मूल हे एकच. बाई सुकलेली, पण शेळ्यांमागे दिवसभर डोंगर चढायची. मी तिला मावशी म्हणायचे. एकदा आम्ही तिला तुरुंगात भेटीला घेऊन गेलो होतो. मुलाने काचेपलीकडून पहिलं विचारलं, लंगडी शेळी व्याली का. ती म्हणाली, व्याली, दोन बोकड. मग दोघंही गप्प बसले आणि वेळ संपली. परत येताना मला ती वेळ वाया गेल्यासारखी वाटली आणि तिला अजिबात वाटली नाही.

वाडीने तिला वाळीत टाकलं होतं. मुलाने केलं म्हणून आईला. वाडीच्या नळावर तिने यायचं नाही, म्हणून ती खालच्या ओढ्यावरून पाणी आणायची. तिच्या हातचं पाणी कुणी प्यायचं नाही. शिमग्याला देवाची पालखी घरोघर फिरते, ती तिच्या दारात थांबत नव्हती. ज्या महाडात चवदार तळं आहे तिथून तासाभराच्या वाटेवर एक म्हातारी पाण्याला बंदी म्हणून ओढ्यात उतरते, हे बघून माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, वाळीत टाकणं हा गुन्हा आहे, आपण तक्रार करू. ती म्हणाली, "आनि मग मी मेले की खांदा कोन देल? शेळ्या?" मी आणखीच चिडले.

वाडीची बाजू मला माहीत नव्हती असं नाही. खुनानंतर पोलिसांनी खोलीतल्या सगळ्यांना उचललं होतं. त्यांना मार बसला, काहींच्या नोकऱ्या गेल्या, घरमालकाने खोली सोडायला सांगितली. हे सगळं एकाच्या पायी. त्यांचा राग मला समजत होता. पण मुंबईत पोलिसांसमोर जो राग काढता आला नाही तो वाडीवर येऊन म्हाताऱ्या बाईच्या हंड्यावर काढायचा, हे मला समजत नव्हतं.

अधिकारी पाडव्यानंतर येणार असं कळलं तेव्हा मी पुन्हा वर गेले. मावशी अंगण सारवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिमग्याला पालखी येनार हाय यंदा माज्या दारात. गावकीनं परत घ्यायचं ठरवलं." मला वाटलं, चला, देवाने बुद्धी दिली. मी म्हटलं, फार चांगलं झालं. तेव्हा ती हात धुऊन माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "त्याचं दहावं करायचं. मग घेनार."

मला आधी कळलंच नाही. कुणाचं दहावं? मग कळलं. तुरुंगात जिवंत असलेल्या मुलाचं. चुलतभावाने डोकं भादरून ओढ्यावर पिंड मांडायचा, कावळा शिवला की तो मेला. मेला म्हणजे त्याचं पाप संपलं, त्याच्या घराला लागलेला विटाळ संपला, आणि पालखी दारात आली.

"मावशी, तो जिवंत आहे."

"मला नाय का ठावं? मीच काढलाय त्याला पोटातनं."

"मग तुम्ही हो कशा म्हणालात?"

"मी काय म्हनले नाय," ती म्हणाली. "मला कोनी इचारलंच नाय."

मी तिथून तशीच देवळाकडे निघाले. देवळापुढे सहाण आहे, पालखी बसते तो चौथरा. गावकीची बैठक तिथेच भरते. अध्यक्ष बसला होता, मुंबईहून शिमग्याच्या तयारीला आलेले चारपाच जण होते. अध्यक्ष म्हणजे साठीचा, गिरणीत काम केलेला, शब्द तोलून बोलणारा माणूस. तो वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.

मी विचारलं, "अध्यक्ष, हे काय ऐकते मी?"

"बसा, बाई. वाईच दम खा. आमी त्या पोराच्याच भल्याचं करतो."

"जिवंतपणी त्याचं दहावं करून?"

"तर काय. बघा, आमच्यात कोनी चुकला की गावकी दंड लावते. दंड भरला, देवापुढं नारळ ठेवला, की इषय संपला. मागनं कोनी उकरून काढीत नाय. यो गुन्हा मोठा, तर दंड बी मोठा. जित्तेपनी दहावं, याच्यापरीस मोठी शिक्षा गावकीत नाय. साहेब येल त्याला आमी सांगू, गावानं शिक्षा दिली, तो आमाला मेला. मग मेलेल्याला कोर्ट परत फाशी कशाला देल?"

बाकीच्यांनी माना हलवल्या. एका गुन्ह्याला दोन दंड कसे असतील, असा त्यांचा सरळ हिशेब. मी त्या चौथऱ्याखाली उभी राहून बघतच राहिले. या माणसांनी खरोखर विचार करून, सभा घेऊन, त्याला वाचवायची युक्ती म्हणून त्याला मारायचं ठरवलं होतं. हसावं की रडावं असं लोक म्हणतात. मला दोन्ही येत नव्हतं, मला ओरडायचं होतं, आणि मी ओरडले.

मी म्हटलं, "कोर्ट म्हणजे तुमची सहाण नव्हे. साहेब लिहील की याच्या गावाने आणि आईने याचे दिवस घातले, याचं जगात कुणी नाही. कोर्ट म्हणेल, ज्याचं कुणीच नाही त्याला ठेवून काय करायचं? तुम्ही त्याची शिक्षा संपवत नाही, त्याचा दोर वळून देताय."

मुंबईवाल्यांतला एक म्हणाला, "मॅडम, इतनी हमदर्दी असेल तर तुमच्या घरी न्या ना त्याला." दुसरा म्हणाला, बायांनी सहाणेवर बोलायचं नसतं. अध्यक्षाने त्याला हाताने गप्प केलं आणि मला म्हणाला, "दिवस ठरलाय, बाई. भटजीला सांगितलंय." ठरलंय म्हटल्यावर गावकीत देवसुद्धा बदल करत नाही.

खाली येऊन वकीलबाईला फोन लावला. ती म्हणाली, पिंड शिवला असं अहवालात गेलं तर आपण उभं राहायचं कशावर? तक्रार केली तर पोलीस वर जातील, वाडी तोंड शिवून बसेल आणि अधिकाऱ्याला एक माणूस भेटणार नाही. ती म्हणाली, आईलाच नाही म्हणायला सांगा. फोनवरून सांगायला काय जातं? एका बाजूला तिचं पोर आणि दुसऱ्या बाजूला तिची तिरडी उचलणारी माणसं, आणि निवड तिने करायची. मी फोन ठेवला. त्या संध्याकाळी एका वकिलाचा कोट मी दोनदा उलटा शिवला आणि दोनदा उसवला.

दहाव्याच्या दिवशी मी गेले. कशाला गेले सांगता येत नाही. थांबवण्याची ताकद माझ्यात नव्हती, पण हे कुणीतरी बघितलं पाहिजे असं वाटलं. फाल्गुनातला ओढा, पाण्याची नुसती धार. कातळावर भाताचा पिंड मांडलेला. पोलादपूरहून आणलेला भटजी, डोकं भादरलेला चुलतभाऊ, अध्यक्ष, आणखी सातआठ पुरुष. बायकांनी अशा ठिकाणी यायचं नसतं, म्हणून मी वरच्या वाटेवर झाडाखाली बसले. मावशी घरी असेल असं मला वाटलं होतं. ती माझ्याही वर, कड्याच्या कडेला उभी होती. तिच्या शेळ्या मागे चरत होत्या.

भटजी बाजूला झाला. सगळे मागे सरले आणि वाट बघू लागले. कावळ्यांना काय, त्यांना भात दिसला. दोन तर आधीच झाडावर येऊन बसले होते. चुलतभावाने हात जोडले आणि रीतीप्रमाणे म्हणाला, "काय इच्छा ऱ्हायली असंल ती पुरी करू, शिव बाबा." माझं रक्त तापलं. जिवंत माणसाची काय इच्छा असणार? हे विचारायला कावळा कशाला लागतो?

पहिला कावळा कातळावर उतरला. दोन उड्या मारून तो पिंडाकडे वळला, तेवढ्यात त्याच्या चोचीपुढे खण्णकन दगड पडला. कावळा उडाला. पुरुषांनी वर बघितलं. मावशीच्या ओच्यात दगड होते.

आयुष्यभर तिने शेळ्या वळल्या होत्या. शेळी कड्याकडे भरकटली की तिच्या पुढ्यात दगड टाकायचा, शेळीला लागू द्यायचा नाही आणि तिला मागे फिरवायचं. दुसरा कावळा आला, त्याच्याही चोचीपुढे दगड. तिसऱ्याला तर उतरूच दिलं नाही. एकाही कावळ्याला तिने जखम केली नाही आणि एकालाही पिंडाजवळ येऊ दिलं नाही.

"गो, काय करतेस?" अध्यक्ष खालून ओरडला. "पाप लागंल."

"लागू दे," ती म्हणाली.

"तुज्याचसाठी चाललंय ना समदं."

"माज्यासाठी नको. खांदा नको मला. पडेन तिथं कोल्ही खातील. पन जित्या पोराचा भात कावळ्याला खाऊ देनार नाय."

चुलतभाऊ वर चढून येऊ लागला, तेव्हा तिने हातातला दगड फक्त वर उचलला. तिचा नेम आत्ताच सगळ्यांनी बघितला होता. तो थांबला. भटजीने वेळ बघितली आणि दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा कावळा आला नाही की दर्भाचा करून पिंडाला शिवायचा, अशी सोय शास्त्रात आहे. मावशी वरून म्हणाली, "भटजी, त्यो बी उडतो का बघा." भटजीने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा अध्यक्षाकडे, आणि दर्भ पिशवीत टाकला. मला यात पडायचं नाही म्हणाला आणि पोलादपूरची गाडी धरायला निघून गेला. माणसं उन्हात ताटकळत उभी होती, मग एकेक करून वर गेली. पिंड तिथेच राहिला. दुपारनंतर त्याला मुंग्या लागल्या आणि त्याही तिने खाली उतरून झटकल्या.

मी तिच्याजवळ गेले. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, "दगड संपत आलेले गो. अजून एकदोन कावळे आले असते तर हरले असते." आणि शेळ्या हाकून घराकडे गेली.

शिमग्याला पालखी तिच्या दारात आली नाही. तिने अंगण सारवलं होतं, रांगोळी काढली होती, नारळ घेऊन दारात उभी होती. ढोल वाजवत पालखी तिच्या घरासमोरून पुढे गेली. पालखी नाचवणाऱ्या पोरांना तिने लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलं होतं, आणि त्यातल्या एकानेही मान वळवली नाही. देवाला दोष देऊन काय उपयोग? त्याला खांदा यांचाच. मी तिथे होते आणि ज्या शिव्या मला येतात त्या सगळ्या मी दिल्या, पण ढोलात कुणाला ऐकू गेल्या नाहीत.

पाडव्यानंतर अधिकारी आला. तरुण, घाम पुसणारा, सभ्य माणूस. तो मावशीच्या ओट्यावर बसला. मुलगा कसा होता, शाळा कधी सोडली, बाप कसा गेला, असं विचारत होता. मावशीने लंगड्या शेळीचं सांगितलं, तेही त्याने लिहून घेतलं. मग त्याने गावातलं कुणी जबाबदार माणूस बोलवा म्हटलं, आणि अध्यक्ष आला. अंगणात उभा राहिला, ओट्यावर चढला नाही.

"या माणसाचं तुमच्या गावात आता काय स्थान आहे?" अधिकाऱ्याने विचारलं. "उद्या शिक्षा भोगून आला, तर गाव त्याला घेईल का?"

मी दाराला टेकून ऐकत होते. हा आता सगळं सांगणार, दहावं, पालखी, मेला तो आम्हाला. अध्यक्षाने टोपी काढून हातात धरली. त्याने एकदा ओढ्याकडे बघितलं.

"साहेब, त्याचा पिंड शिवला नाय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आमी त्याचं दहावं मांडलेलं. खोटं नाय सांगनार. पन कावळा शिवला नाय. शिवल्याबिगर आमी कोनाला मेला धरीत नाय. म्हंजे तो जित्ता हाय, आनि जित्ता हाय तो गावकीतला हाय. आला तर दंड लावू. मोठा लावू, जलमभर फेडील असा. पन आमच्याकडं दंड हाय, साहेब. दोरी नाय."

अधिकाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, जसं म्हणाले तसंच लिहा, एक शब्द बदलू नका. त्याने लिहिलं. हायकोर्टाचा निकाल अजून लागलेला नाही. त्या ओळीचं तिथे काय होईल, कुणी ती वाचेल तरी की नाही, मला माहीत नाही. स्टँडवर प्रश्न विचारणाऱ्यांना मी आता ती सांगते. काही ऐकतात, बहुतेक भजी खातात.

अधिकारी उठताना पाणी मागू लागला. मावशीने तांब्या आणि दोन पेले आणले. एक त्याला दिला, दुसरा तिने काही न बोलता अध्यक्षापुढे धरला. तो पेल्याकडे बघत राहिला. मग त्याने तो घेतला आणि उभ्या उभ्या प्यायला. ओढ्याचं पाणी होतं ते, त्याच्याच हुकुमामुळे तिने खालून वाहून आणलेलं. पिऊन झाल्यावर त्याने माझ्याकडे बघितलं. मी आता काहीतरी चांगलं बोलेन, निदान हात जोडेन, असं त्याला वाटत असावं. मी त्याच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला आणि म्हटलं, "नळ कुठे आहे तो दाखवा. हंडा भरायचाय."